एका प्रीॲम्पवर तीन खोल्या

अगं, तो वायरींचा पसारा दिवाणावर तसाच राहू दे आणि आधी दोन घोट चहा घे. तुझा प्रश्न मला नीट कळलाय. प्रीॲम्प एक, त्याच्या मागे आउटपुटची जोडी एक, आणि चालवायचेत तीन ॲम्प्लिफायर. एक हॉलमधल्या मोठ्या स्पीकरांसाठी, एक स्वयंपाकघरासाठी आणि एक आईंच्या खोलीसाठी. एकातून तीन फाटे काढले तर प्रीॲम्प जळेल का, आणि नाही जळला तरी प्रत्येक खोलीत आवाज तिसऱ्या हिश्श्यावर येईल का, या दोन गोष्टींनी तुझी झोप उडालीय. खरं सांगू का, यातलं काहीच होत नाही. ज्या गोष्टींना खरंच जपायला हवं त्या वेगळ्याच आहेत, आणि त्या मी तुला सांगणार आहे.

आवाज वाटला का जात नाही, ते आधी समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. प्रीॲम्पमधून बाहेर येतो तो फक्त व्होल्टेजचा चढउतार. स्पीकर हलवण्याचं कष्टाचं काम प्रत्येक ॲम्प भिंतीतल्या विजेवर आपापलं करतो. प्रीॲम्पकडून तो फक्त खूण घेतो, आणि ती घेताना जवळजवळ काहीच ओढत नाही. ॲम्पच्या इनपुटचा इम्पीडन्स २० किलोओहम धर. प्रीॲम्पने १ व्होल्ट दिला तर हा ॲम्प ओढतो ०.०५ मिलिॲम्पिअर. असे तीन लावलेस तर झाले ०.१५. कुठल्याही धड प्रीॲम्पला ही रक्कम जाणवतसुद्धा नाही. एका तंबोऱ्यावर तिघी गायला बसल्या म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला पाव सूर येत नाही, तिघींनाही तोच पूर्ण षड्ज ऐकू येतो. इथेही तसंच आहे बघ.

आणि तीन वेगळे ॲम्प घेतलेस हे फार शहाणपणाचं केलंस. ‘एवढा खर्च कशाला, एकाच ॲम्पला सगळे स्पीकर लाव की,’ असं घरात कुणीतरी म्हणणारच. त्यांना शांतपणे सांग, की ८ ओहमचे तीन स्पीकर एकाच चॅनलवर समांतर जोडले की ॲम्पला ते मिळून पावणेतीन ओहमच्या आत दिसतात. घरगुती ॲम्प बहुतेक वेळा ४ ओहमपर्यंतच झेपावा असा बनवलेला असतो. त्याच्याखाली गेलं की तो तापतो आणि मग बंद पडतो किंवा जातो. म्हणजे फाटे काढायचे ते ॲम्पच्या अलीकडे, प्रीॲम्पच्या बाजूला. तिथे धोका नाही.

आता मॅन्युअल काढ. कंटाळा करू नकोस गं, शेवटचं तांत्रिक माहितीचं पान तेवढं बघायचंय. त्यावर तुला दोनच आकडे हवेत, प्रीॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स आणि प्रत्येक ॲम्पचा इनपुट इम्पीडन्स. ट्रान्झिस्टरवाल्या प्रीॲम्पचा आकडा बहुधा ५० ते ६०० ओहमच्या दरम्यान असतो. ॲम्पचा १० ते १०० किलोओहमच्या मध्ये कुठेतरी, आणि सर्वांत जास्त दिसतात ते २० आणि ४७. ॲम्प समांतर जोडले की त्यांचा एकत्र आकडा खाली येतो. सारखे असले तर सरळ संख्येनं भागायचं, २० किलोओहमचे दोन म्हणजे १०. वेगवेगळे असले तर तुला एक सोपी युक्ती देते. त्यातला सर्वांत छोटा आकडा घे आणि ॲम्पच्या संख्येनं भाग. खरं उत्तर त्यापेक्षा लहान कधीच येणार नाही, त्यामुळे तू नेहमी सुरक्षित बाजूलाच राहशील.

तुझ्यासारखंच उदाहरण धरू. हॉलचा ॲम्प ४७ किलोओहम, बाकीचे दोन २०चे. माझ्या युक्तीनं येतात पावणेसातच्या आत, प्रत्यक्षात येतात सव्वाआठ किलोओहम. हा एकत्र आकडा प्रीॲम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या निदान दसपट असावा, एवढा नियम लक्षात ठेव. प्रीॲम्प १०० ओहमचा असेल तर तुझ्याकडे ऐंशीपट आहे, आणि तिन्ही ॲम्प लावून पातळी घसरते ती डेसिबलच्या दहाव्या भागाइतकी. ते कुणालाही ऐकू येणार नाही. प्रीॲम्प १,००० ओहमचा असेल तर मात्र आठपटच उरते आणि घसरण साधारण १ डेसिबलची होते. तेही चालतं बघ, आवाजाची खुंटी किंचित वर नेली की भरून निघतं. दसपटीचा नियम म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही. थोडं अलीकडे-पलीकडे झालं म्हणून रडायचं नाही.

एकाच ठिकाणी मी तुला थांबवीन, ते म्हणजे तुझा प्रीॲम्प व्हॉल्व्हचा असेल तर. काचेच्या दिव्यांसारखे दिसणारे ते व्हॉल्व्ह ऐकायला फार गोड, पण त्यांचा आउटपुट इम्पीडन्स कित्येकदा हजारांमध्ये असतो. शिवाय आउटपुटच्या तोंडाशी एक कपॅसिटर बसवलेला असतो. हा कपॅसिटर आणि समोरच्या ॲम्पचा इम्पीडन्स मिळून ठरवतात, की खालचे स्वर कुठपर्यंत सुखरूप बाहेर पडणार. समज, कपॅसिटर ०.४७ मायक्रोफॅरडचा आहे, आउटपुट इम्पीडन्स २ किलोओहम आहे आणि समोर ४७ किलोओहमचा एकच ॲम्प आहे. अशा वेळी घसरण सुरू होते ती ७ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे कानाच्या कक्षेच्या बाहेरच. पण तिथेच १० किलोओहमचे तीन ॲम्प लावलेस, तर तीच सीमा ६० हर्ट्झच्या वर सरकते. काळी एकच्या षड्जाला लावलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेचा मूळ स्वर ६९ हर्ट्झच्या जवळ असतो. तो बाकी स्वरांच्या मानाने अडीच डेसिबल खाली जाईल. जवारीमुळे तंबोऱ्यात वरचे स्वर भरपूर असतात, त्यामुळे तंबोरा नाहीसा नाही होणार. डग्ग्याची घुमक मात्र कोरडी वाटायला लागेल, आणि तू बिचारी स्पीकरला दोष देत बसशील. आपल्याकडचं गाणं ऐकणाऱ्या घरात खालचा तेवढा भाग गमावणं मला तरी परवडत नाही. तुलाही परवडणार नाही, कारण मल्लिकार्जुन मन्सूर ऐकण्यासाठीच तर तू एवढा खटाटोप मांडलायस.

यावर उपाय आहे. मध्ये एक लाइन डिस्ट्रिब्यूशन ॲम्प्लिफायर बसवायचा. नाव मोठं आहे, डबा छोटा आहे. प्रीॲम्पला समोर एकच हलका इनपुट दिसतो, आणि आत प्रत्येक फाट्यासाठी वेगळी ऑप-ॲम्प चिप असते. एनई ५५३२ ही त्यातली जुनी, भरवशाची आणि स्वस्त चिप. प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी एक लहानसा रेझिस्टर असतो, त्यामुळे एका खोलीतली वायर कधी शॉर्ट झाली तरी बाकीच्या दोन खोल्या चालू राहतात. ट्रान्झिस्टरचा प्रीॲम्प आणि तीन साधे ॲम्प असतील तर मात्र या डब्यावर पैसे घालू नकोस. दुकानदार आग्रह करेल, तरीसुद्धा नको. तुझे आकडे जमत असतील तर साधी वाय केबल पुरते.

वाय केबल म्हणजे एका टोकाला एक आरसीए पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन. तुला डाव्या चॅनलसाठी एक आणि उजव्यासाठी एक लागेल. तीन ॲम्प आहेत म्हणून एका वायच्या फाट्याला दुसरी वाय जोडलीस तरी विजेच्या हिशेबानं काही फरक पडत नाही. पण ते धातूचे जड ठोकळे एकावर एक खोचू नकोस. त्यांच्या वजनानं प्रीॲम्पच्या मागचा सॉकेट हळूहळू सैल होतो आणि मग खरखर सुरू होते. वायर मऊ असलेल्या आखूड केबली घे. पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतील. जाताना मोबाइलमध्ये प्रीॲम्पच्या पाठीचा फोटो घेऊन जा, म्हणजे दुकानात हातवारे करून सांगत बसावं लागणार नाही.

तिथे एक जपून बघ. मोबाइलच्या ३.५ मिलिमीटर पिनेतून दोन आरसीए निघणारी केबलही अगदी वायसारखीच दिसते आणि दुकानदार घाईत तीच हातात ठेवतो. ती डावा आणि उजवा चॅनल वेगळे करते. तुला हवी ती केबल एकच चॅनल दोन्ही फाट्यांना देणारी. मल्टीमीटर बीपवर ठेव, एका टोकाच्या मधल्या पिनेला एक प्रोब लाव आणि दुसरा प्रोब आळीपाळीनं दोन्ही फाट्यांच्या मधल्या पिनेला टेकव. दोन्हीकडे बीप आला म्हणजे केबल बरोबर.

आता ज्या गोष्टींची मला खरोखर धास्ती वाटते त्या ऐक, आणि इथे माझं काही न विचारता ऐकायचं. एका आउटपुटमधून अनेक इनपुटांकडे जाणं ठीक. दोन आउटपुट एकत्र करून एका इनपुटात घालणं कधीही नाही. टीव्हीचा आउटपुट आणि प्रीॲम्पचा आउटपुट त्याच वाय केबलनं उलटे जोडून एका ॲम्पला द्यायचा मोह होतो, कारण पिना बसतात. पण मग दोन्ही आउटपुट एकमेकांनाच ढकलत राहतात आणि आवाज फाटका येतो. दोन्ही हवे असतील तर सिलेक्टर स्विच घे किंवा प्रीॲम्पचेच दोन इनपुट वापर. आणि दोन ॲम्पचे स्पीकर आउटपुट एकाच स्पीकरला एकत्र लावणं, ते तर स्वप्नातही नको. तिथे मोठा करंट असतो, ॲम्प खरोखर जातो.

स्वयंपाकघरात एकच स्पीकर ठेवायचा विचार असेल तर डावा-उजवा एकत्र करायचा प्रश्न येतोच. ॲम्पवर मोनोचं बटण असेल तर देव पावला. नसेल तर डाव्या आणि उजव्या वायरीत प्रत्येकी १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर टाकून मग त्या एकत्र करायच्या. सोल्डर करणारा कुणीही पाच मिनिटांत करून देईल. कधी कधी १ किलोओहमचे सांगतात, पण तू १०चेच घे. तुझा हॉलचा ॲम्पही त्याच आउटपुटवर बसलाय ना? रेझिस्टर लहान घेतलेस तर स्वयंपाकघरातल्या जोडणीतून हॉलमधले डावे-उजवे चॅनल एकमेकांत थोडे मिसळतात, आणि तिकडे गवयाच्या एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला हार्मोनियम अशी मांडलेली बैठक मध्येच गोळा झाल्यासारखी वाटते.

प्रीॲम्पच्या पाठीवर कुठल्या सॉकेटातून फाटा काढायचा, हेही डोळे उघडे ठेवून बघ. ‘प्री आउट’ किंवा नुसतं ‘आउटपुट’ लिहिलंय तिथून काढायचा. ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’ लिहिलेला सॉकेट रेकॉर्डिंगसाठी असतो, त्याच्यावर आवाजाच्या खुंटीचा ताबा नसतो. तो जर स्वतःची खुंटी नसलेल्या पॉवर ॲम्पला लावलास, तर चालू केल्याक्षणी पूर्ण ताकदीनं आवाज बाहेर पडतो. घर हादरतं, आई दचकून उठतात आणि स्पीकरातला नाजूक ट्विटर जाऊ शकतो. आणि हो, मागे प्री आउटच्या दोन जोड्या असल्या तर खूश हो, एक वाय केबल वाचली. पण पुष्कळ प्रीॲम्पमध्ये त्या दोन जोड्या आतून एकाच जागी जोडलेल्या असतात, म्हणून इम्पीडन्सचा हिशेब तोच धरायचा.

ॲम्प ठेवायचे कुठे, यावर तू आणि तुझा नवरा वाद घालताय असं दिसतंय. यात माझं मत पक्कं आहे. तिन्ही ॲम्प हॉलमध्ये प्रीॲम्पच्या जवळ ठेव आणि खोल्यांकडे लांब न्यायची ती स्पीकरची वायर ने. आरसीएची केबल लांब नेली की ती वाटेत फ्रिज, ट्यूबलाइट, मिक्सर या सगळ्यांची कुरकुर गोळा करत जाते, आणि प्रत्येक खोलीतला वेगळा सॉकेट म्हणजे वेगळं अर्थिंग. ते दुखणं पुढे सांगते. स्पीकरची वायर मात्र बिनधास्त लांब जाऊ शकते, फक्त ती जाड हवी. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत १२ मीटर धर, जाऊन-येऊन २४. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतलीस तर विरोध येतो ०.१७ ओहमच्या आत, ८ ओहमच्या स्पीकरला तो काहीच नाही. १ चौरस मिलिमीटरची घेतलीस तर ०.४ ओहम होतो. चालेल, पण वायर एकदाच भिंतीवरून जाणार आहे, तिथे काटकसर करू नकोस. आणि वायरमनला बजावून सांग, की ही वायर लाइटच्या वायरींच्या पाइपातून न्यायची नाही. त्याला सोपं पडतं म्हणून तो नक्की सुचवेल, आणि तू नक्की नाही म्हणायचं.

आता ती घुर्रर्र. तू लिहिलंयस, की दुसरा ॲम्प जोडला की मागे बारीक घरघर येते आणि गाणं थांबलं की जास्तच जाणवते. घाबरू नकोस, तू काही बिघडवलेलं नाहीस. एकापेक्षा जास्त ॲम्प जोडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे भेटतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो खोल घुमणारा आवाज ५०चा आणि जरा कडक भुणभुण असेल ती १००ची. झालंय असं, की दोन्ही ॲम्पना तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंग मिळालंय आणि आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतूनही ते प्रीॲम्पमार्गे एकमेकांना जोडले गेलेत. म्हणजे अर्थिंगचा एक गोल पूर्ण झाला. त्या गोलात बारीकसा करंट फिरतो. आरसीएमध्ये गाण्याचा परतीचा रस्ताही तीच जाळी असल्यामुळे तो करंट गाण्यात मिसळतो.

पहिला उपाय फुकटचा आहे. प्रीॲम्प आणि तिन्ही ॲम्प एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घे. ६ ॲम्पिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला तेराशे वॉटच्या वर मिळतात. घरात ऐकण्याच्या आवाजाला हे ॲम्प त्याच्या आसपासही जात नाहीत, त्यामुळे बोर्ड तापेल ही काळजी सोड. फक्त त्याच बोर्डावर इस्त्री लावू नकोस. एवढ्यानं पुष्कळ घरांत घरघर जाते.

नाही गेली तर चोर शोधायचा. सगळं बंद कर, सगळ्या आरसीए काढ. मग नुसता एक ॲम्प स्पीकरसकट चालू कर. तरीही घरघर आहे? मग दोष त्या ॲम्पमध्येच आहे, जोडणीत नाही. शांत आहे? मग बंद करून प्रीॲम्प जोड, परत चालू करून ऐक. मग दुसरा ॲम्प, मग तिसरा, आणि शेवटी एकेक करून बाकीची यंत्रं. खरं सांगू का, चोर पुष्कळदा ॲम्प नसतोच. सेट टॉप बॉक्सची गच्चीवरून आलेली केबल स्वतःचं वेगळं अर्थिंग घेऊन घरात येते, नाहीतर लॅपटॉपचा चार्जर असतो. ती केबल बॉक्सपासून नुसती सोडवून बघ. घरघर थांबली की कळलंच.

एवढं करूनही राहिली तर त्या एका फाट्यात ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाक. तो गाणं पुढे जाऊ देतो आणि जाळीचा रस्ता तोडतो. फार स्वस्त घेऊ नकोस, त्यात खालचे स्वर मार खातात. आणि बघ गं, कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी प्लगची वरची जाड पिन काढायची नाही. ‘अर्थ काढ, हम जाईल,’ असं तुला हमखास सांगतील, आणि हम खरंच जाईलही. पण ॲम्पच्या आत कधी वायर सुटली तर त्याची धातूची पेटी जिवंत होईल, आणि तिला हात लावणारी तू असशील, नाहीतर आई असतील. यावर चर्चा नाही. उलट वायरमन आलाच आहे तर त्याच्याकडून घरातलं अर्थिंग तपासून घे. जुन्या इमारतींत सॉकेटला तीन भोकं असतात, पण वरच्या भोकामागे कधी कधी वायरच नसते.

आवाज जुळवणं हे त्यामानानं मजेचं काम आहे. प्रीॲम्पची खुंटी आता तिन्ही खोल्यांची मालकीण आहे. पण सगळे ॲम्प सारखंच वाढवत नाहीत. कुणाचा गेन २६ डेसिबल असतो, म्हणजे व्होल्टेज २० पट, कुणाचा २९, म्हणजे २८ पट. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट ताकद, तो चांगला जाणवतो. म्हणून स्वयंपाकघराच्या आणि आईंच्या खोलीच्या ॲम्पवर स्वतःची खुंटी असलेली बरी. आधी हॉलमध्ये तुझ्या नेहमीच्या आवाजाला गाणं लाव. मग स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन चालू करून तिथली खुंटी बसव, कारण तुला तिथे गाणं ऐकायचंय ते पोळ्या करताना, सामसुमीत नाही. आईंच्या खोलीत त्या जिथे बसतात तिथे बसून बसव, दारात उभी राहून नको. आणि तिथली खुंटी त्यांच्या हाताला येईल अशी सोय करता आली तर जरूर कर, स्पीकरच्या वायरीवर बसणारं व्हॉल्यूम कंट्रोल मिळतं. दुपारी त्यांना झोपायचं असतं आणि तुला तेव्हाच निवांत ऐकायचं असतं. प्रत्येक वेळी हाक मारून ‘जरा कमी कर गं’ म्हणायला लागू नये.

त्यावरून आठवलं. आईंच्या खोलीचा ॲम्प विजेवरून बंद केलास की हॉलमधला आवाज एकदा कान देऊन ऐक. काही ॲम्पच्या इनपुटमधल्या चिपा बंद असताना सिग्नलला नीट मोकळं सोडत नाहीत, वरचा भाग छाटतात, आणि फाटा तोच असल्यामुळे हॉलमध्येही आवाज चिरका होतो. तसं झालं तर तो ॲम्प चालूच ठेवून नुसती खुंटी शून्यावर आणायची.

चालू-बंद करण्याचा क्रम सगळ्यांना पाठ करून ठेव. चालू करताना आधी प्रीॲम्प, मग ॲम्प. बंद करताना आधी ॲम्प, शेवटी प्रीॲम्प. प्रीॲम्प चालू-बंद होताना एक धक्का देतो, आणि ॲम्प जागे असले तर तो तिन्ही खोल्यांत धाडकन ऐकू येतो. कामाला येणाऱ्या मावशींनाही दाखवून ठेव, धूळ पुसताना बटण दाबलं जातंच. ॲम्पवर विणलेला रुमाल, फुलदाणी, देवाचा फोटो काही ठेवू नकोस. वरची जाळी उष्णता बाहेर टाकण्यासाठी आहे, तिथे हवा खेळू दे.

एकाच जोडीला दोन ॲम्प लावण्याबद्दल तू शेवटी ओझरतं विचारलंयस. ज्या स्पीकरच्या मागे चार टर्मिनल असतात त्याला एक ॲम्प खालच्या स्वरांसाठी आणि एक वरच्या स्वरांसाठी देता येतो. फाटा असाच काढायचा. पण त्या चार टर्मिनलांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या आधी काढल्याच पाहिजेत. त्या राहिल्या तर दोन ॲम्पचे आउटपुट एकमेकांना भिडतात, म्हणजे मघाशी ज्याला मी स्वप्नातही नको म्हटलं तेच. दोन्ही ॲम्पचा गेनही सारखा हवा. नुसते फाटे काढून मिळणारा फायदा थोडाच असतो. खरा फायदा सिग्नल ॲम्पच्या आधीच स्वरांनुसार विभागणाऱ्या ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरचा. सिगफ्रीड लिंक्विट्झ आणि रस रायली यांनी १९७६मध्ये मांडलेली रचना त्यासाठी आजही वापरतात. ते पुढच्या वर्षी. आत्ता तीन खोल्या नीट वाजू देत.

उद्या सकाळी सगळे घराबाहेर पडले की कामाला लाग. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी चिकटवून ‘हॉल डावा’, ‘किचन उजवा’ असं लिही. जोडणी करताना सगळं विजेवरून काढलेलं असू दे. पहिल्यांदा एकच ॲम्प जोड, खुंटी तळाशी ठेव, चालू कर, हळूहळू वर ने. नीट वाजलं की बंद करून दुसरा जोड, मग तिसरा. तिन्ही एकदम जोडून बटण दाबायची घाई नको, काही बिनसलं तर कुठे बिनसलं ते कळायला हवं ना? आणि कुठे अडलीसच तर प्रीॲम्पच्या पाठीचा आणि मॅन्युअलच्या त्या शेवटच्या पानाचा फोटो मला पाठव. आकडे स्पष्ट दिसतील असा उजेडात काढ.